वेशीवरचा इन्स्पेक्टर आणि गोठ्यातला रोग

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळे राज्यभरातले गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हा गावोगावच्या पारावर एकच सूर निघाला. “आमच्या गावात एक जनावर आजारी नाही, मग आमचा बाजार कशापायी बंद?” तुम्हीही तसे बोलला असाल. बैलाचा सौदा ठरलेला, पैशाची नड उभी, आणि सरकारचा हुकूम असा. राग येणार, त्यात काही चूक नाही.

पण शेतकरी बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर जरा मागे जावे लागेल. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबई बंदरात. तिथे इंग्रजांनी मटणाची, दुधाची, घोड्यांची तपासणी सुरू केली. ती तपासणी वाईट नव्हती. पण ती वेशीवर उभी होती आणि रोग होता तुमच्या-आमच्या आज्या-पणज्यांच्या गोठ्यात. वेस आणि गोठा यांची गाठ पडायला पुढे कित्येक वर्षे गेली. तोवर किती दावणी रिकाम्या झाल्या, त्याची मोजदादच नाही.

बंदराचे पोट आणि घाटावरचा मुलूख

मुंबई हे मूळचे बेटांचे शहर. तिथे ना कुरण, ना चारा. खाणारी तोंडे मात्र लाखांनी. बंदर, गिरण्या, पलटणी, गोदीतले मजूर, बोटींवरचे खलाशी. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली आणि घाटावरचा सारा मुलूख बंदराला जोडला गेला. धान्य, कापूस गेला, तशी शेळ्या-मेंढ्यांची, गुरांचीही ये-जा वाढली. पूर्वी पायी चालत आठवडे लागायचे, तिथे आता दिवसाचा हिशेब आला.

त्याच काळात, १८६५ ते १८७१ अशी सहा वर्षे, आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. शहराची घाण पाहून त्यांनी आणि आरोग्य अधिकारी डॉ. हेवलेट यांनी कामाचा धडाका लावला. कत्तलखाने दाट वस्तीतून उचलून वांद्र्याला नेले. मटण, मासळी, भाजी, फळे एका छपराखाली विकली जावीत म्हणून १८६९ मध्ये मोठी मंडई उभी केली. तीच क्रॉफर्ड मार्केट. आज तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव आहे, म्हणजे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याचे. नाव शोभते खरे. पण मंडई बांधली तेव्हा तिच्यात शेतकऱ्याचा विचार किती होता, ते पुढे पाहू.

पुढे १८८८ मध्ये मुंबई महापालिकेचा कायदा झाला. परवान्याशिवाय कत्तल नाही, ठरलेल्या मंडईबाहेर मटणविक्री नाही, बाहेर कापलेल्या जनावराचे मटण परवानगीवाचून शहरात आणायचे नाही, आणि खराब माल दिसला तर इन्स्पेक्टरने तो जप्त करून नष्ट करायचा, असा सगळा बंदोबस्त त्यात आहे. तो कायदा, दुरुस्त्या होत होत, आजही चालू आहे. वांद्र्याचा कत्तलखाना मात्र १९७१ मध्ये देवनारला गेला.

तपासणाऱ्याला काय दिसते?

ही तपासणी कशी चालते, ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे.

जनावर कापण्याआधी ते उभे असताना पाहतात. चाल कशी आहे, ताप आहे का, तोंडातून लाळ गळते का, नाका-डोळ्यांतून पाणी येते का, रवंथ चालू आहे का. शंका आली तर बाजूला काढतात. कापल्यावर पुन्हा पाहतात. फुप्फुसांवर आणि लसिका ग्रंथींत क्षयाच्या गाठी आहेत का, यकृतात चपटे कृमी आहेत का, मांसात कृमींच्या पुटकुळ्या आहेत का. चांगले असेल तर शिक्का, वाईट असेल तर ते मांस नष्ट. ही पद्धत नीट पाळली तर खाणाऱ्याचा जीव वाचतो, यात शंका नाही.

पण बघा, इन्स्पेक्टरला जनावर दिसते ते त्याच्या शेवटच्या दिवशी. त्याआधी ते कुठल्या गोठ्यात होते, कुठल्या जत्रेत उभे होते, कुठल्या पाणवठ्यावर प्यायले आणि शेजारी कुणाची गुरे होती, हे त्याला ठाऊक नसते.

आता बुळकांडीचे घ्या. जुन्या माणसांना हे नाव अजून आठवत असेल. मोठा ताप, डोळ्या-नाकातून चिकट पाणी, तोंडात जखमा, मग घाण वासाची हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ४ ते १५ दिवस जात. म्हणजे जत्रेत रोग घेतलेला बैल घरी येताना अगदी धडधाकट दिसायचा. मालकही फसायचा, गिऱ्हाईकही फसायचे आणि नाक्यावरचा शिपाईही. बैल दावणीला बांधला, चार दिवसांनी ताप भरला आणि पाठोपाठ आळीतली सारी गुरे बसली.

तेव्हा “आमच्या गावात एक जनावर आजारी नाही” हे म्हणणे आणि “आमच्या गावात रोग नाही” हे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लम्पीत तर हा छुपा काळ चार आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. बाजार बंद ठेवण्यामागचे कारण हेच.

घोड्याला कायदा, बैलाची वाट पाहणी

मुंबई बंदरात इराणी आखातातून अरबी घोडे उतरत. पलटणीला घोडे लागत, साहेबांच्या गाड्यांना लागत. १८७४ पासून शहरात घोड्यांची ट्रामही होती. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा भयंकर रोग होतो. नाकातून पू वाहतो, अंगावर गाठी फुटतात, आणि तो माणसालाही होतो. म्हणून हिंदुस्थान सरकारने १८७९ मध्येच ग्लँडर्सचा कायदा केला आणि १८९९ मध्ये तो नव्याने केला. इन्स्पेक्टरने तबेल्यात शिरावे, संशयित घोडा ताब्यात घ्यावा, रोग नक्की ठरला तर घोडा मारावा, एवढे अधिकार त्यात होते. १९१० मध्ये घोड्यांच्याच आणखी एका रोगासाठी, डूरीनसाठी, वेगळा कायदा झाला.

आणि आपल्या बैलासाठी? मद्रास इलाख्यात १८६६ चा एक कायदा होता. आपल्याकडे ‘मुंबई प्राणिरोग कायदा’ आला तो १९४८ मध्ये. सगळ्या देशाला लागू असा गुराढोरांच्या साथीचा एकच कायदा झाला तो तर २००९ मध्ये, आणि त्याच कायद्याने घोड्यांचे ते जुने कायदे रद्द केले. म्हणजे घोड्याच्या पहिल्या कायद्यापासून देशभरातल्या बैलापर्यंत यायला १३० वर्षे लागली. घोडा पलटणीचा होता, मटण शहराचे होते. बैल तेवढा शेतकऱ्याचा होता.

सरकारला काहीच ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. १८६९ मध्येच गुरांच्या साथींची चौकशी करायला एक कमिशन नेमले होते. त्याचे प्रमुख हॅलन हे पुण्याच्या लष्करी पशुवैद्यक शाळेतले. १८७१ मध्ये अहवाल आला. देशात बुळकांडी ठाण मांडून बसली आहे आणि तिला आवर घालायला शिकलेले पशुवैद्य हवेत, हे कळून चुकले होते. कळणे आणि करणे यात अंतर पडले, ते असे.

बंदरातून रोग बाहेरही जातो

बंदर म्हटले की बाहेरून येणारा रोग डोळ्यांपुढे येतो. पण बंदर म्हणजे दोन्हीकडे उघडणारे दार. १८८७ च्या सुमारास आफ्रिकेतल्या मसावा बंदरात इटालियन सैन्यासाठी गुरे उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी उतरली. इथिओपियात गुरे मेली, नांगर थांबले आणि १८८८ ते १८९२ असा भीषण दुष्काळ पडला. तिथून रोग दक्षिणेकडे सरकत गेला आणि १८९६-९७ पर्यंत दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. कित्येक भागांत दहातली आठ-नऊ गुरे गेली.

हिंदुस्थानात जनावरांच्या आयातीचा कायदा १८९८ मध्ये झाला. बाहेरून येणारे जनावर बंदरात थांबवून तपासायचे, गरज पडली तर वेगळे ठेवायचे, हा त्याचा गाभा. त्यात सुधारणा होत तो आजही लागू आहे, आणि मुंबईत आजही सरकारचे पशु-संगरोध केंद्र आहे. संगरोध म्हणजे काय, तर नवे जनावर काही दिवस वेगळे बांधून त्याच्यावर नजर ठेवणे. हा उपाय बंदरापुरता नाही. बाजारातून आणलेल्या गाईसाठी तुमच्या गोठ्यातही तोच उपाय आहे.

परळचे कॉलेज आणि पुण्याची प्रयोगशाळा

याच काळात चांगले कामही उभे राहत होते, ते नाकारून चालणार नाही. परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय १८८३ मध्ये झाले. त्याच्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक कॉलेज सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे पहिले प्रिन्सिपल. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातले कितीतरी डॉक्टर या परळच्या कॉलेजातून शिकून आलेले आहेत.

१८८९ मध्ये जनावरांच्या रोगांचा शोध घेणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या पुण्यात. डॉ. लिंगार्ड तिचे प्रमुख. जंतूंचे काम वस्तीपासून दूर असावे म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात, कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली. आजच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तेच. मुक्तेश्वरला आधी बुळकांडीवर रक्तद्रव्य तयार झाले, पण त्याचा जोर थोडेच दिवस टिके. १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळ्यांच्या अंगात विषाणू वाढवून त्याची लस केली. तिने जनावराला दीर्घकाळ संरक्षण मिळू लागले.

लस का लागली, हेही ध्यानात घ्या. इंग्लंडात १८६५-६६ मध्ये बुळकांडी आली, तेव्हा आजारी आणि संशयित गुरे मारून, मालकाला भरपाई देऊन त्यांनी रोग संपवला. आपल्याकडे ते शक्यच नव्हते. गाय-बैल मारणे लोकांना मान्य नव्हते, आणि एका बैलावर ज्याचे घर चालते त्याने तो कुणाच्या भरवशावर द्यायचा? जबरदस्ती केली असती तर लोकांनी रोग लपवला असता. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबई-पुण्याने हे पाहिले आहे. घरात शिरून झडत्या सुरू झाल्या, तसे लोक आजारी माणूस लपवू लागले. धाकाने रोग दडतो, जात नाही.

दुधाची गोष्ट

मटणाचे जे, तेच दुधाचे. मुंबईत शहरातच म्हशींचे तबेले होते. दाटीवाटीने बांधलेल्या म्हशी, शेणाचे ढीग, माशा. म्हैस आटली की तिला पोसणे परवडेना, मग ती कसायाकडे जाई. वासरांचे हाल तर विचारू नका. चांगल्या जातीच्या म्हशी गावाकडून शहरात जात आणि परत येत नसत.

दुधातले पाणी पकडायला लॅक्टोमीटर होता. पण लॅक्टोमीटरला जंतू दिसत नाहीत. पाणी घातलेले दूध पकडले जाई आणि रोगी म्हशीचे घट्ट दूध पास होई. खरा इलाज झाला तो तबेलाच हलवल्यावर. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ पासून गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे गेल्या. दुसरीकडे गुजरातेतल्या आणंदहून थंड केलेले दूध मुंबईला येऊ लागले. म्हणजे तपासणी शहराच्या टोकावरून उचलून दुधाच्या उगमाशी नेली, तेव्हा फरक पडला.

बुळकांडी गेली कशी?

बुळकांडीचेही तसेच झाले. १९५४ मध्ये देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. साथी खूप कमी झाल्या, पण रोग मुळासकट जाईना. कुठे ना कुठे ठिणगी राहायची आणि व्यापाऱ्याच्या कळपाबरोबर पुन्हा पसरायची. मग १९९२ पासून नव्याने प्रकल्प हाती घेतला. या वेळी लसीबरोबर शोध होता. पशुधन कर्मचारी गावोगाव फिरले, बाजारांत आणि गुरांच्या वाटांवर विचारपूस केली, तोंडात जखमा आणि हगवण असे जनावर दिसले की नमुना प्रयोगशाळेत गेला. पुढे लस मुद्दाम बंद करावी लागली, कारण लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराचे रक्त तपासणीत सारखेच दिसे.

देशातली शेवटची साथ १९९५ मधली. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसाच्या देवीनंतर मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. लस शास्त्रज्ञांनी केली हे खरे. पण शेवटची ठिणगी सापडली ती गावात कुणीतरी “माझं जनावर बसलंय, येऊन बघा” असे सांगितले म्हणूनच. वांद्र्याच्या इन्स्पेक्टरला जे कधीच दिसले नसते, ते गोठ्यातल्या माणसाने दाखवले.

आता तुमच्या हाती काय आहे

बुळकांडी गेली, पण लाळ्या-खुरकूत, लम्पी, घटसर्प, फऱ्या, सांसर्गिक गर्भपात, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हे सगळे आहेतच. म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, खबर. २००९ च्या कायद्याप्रमाणे साथीच्या रोगाचा संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि त्यांनी पशुवैद्यकाला. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी हे दुसऱ्याचे काम समजू नये. कागद रंगवण्याची वाट न बघता आधी फोन करा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, तो पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दुसरी, नवे जनावर. बाजारातून आणलेले जनावर थेट दावणीला बांधू नका. निदान तीन आठवडे वेगळे ठेवा. त्याची गव्हाण, बादली, दोर वेगळे. आधी घरच्या जनावरांचे काम उरका, मग त्याच्याकडे जा.

तिसरी, लस. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्यासाठी २०१९ पासून केंद्राचा लसीकरण कार्यक्रम आहे. लाळ्या-खुरकूतीची लस दर सहा महिन्यांनी, आणि गर्भपाताची चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना. “लस दिली की दूध कमी होतं” म्हणून टाळाटाळ करणारे पुष्कळ आहेत. एक-दोन दिवसांचे दूध आणि आख्खी गाय, यात महाग काय, ते तुम्हीच ठरवा.

चौथी, कानातला बिल्ला. बारा आकडी नंबर म्हणजे जनावराचा सातबाराच. त्यावरून ते कुठले, लस कधी झाली, हे कळते. वांद्र्याच्या काळी मटणावर शिक्का असे, पण जनावर कुठल्या गावचे ते कुणाला कळत नसे. ती उणीव हा बिल्ला भरून काढतो. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, असा नियम राज्याने २०२४ मध्ये केला तो यासाठीच.

पाचवी, मेलेले जनावर. ओढ्यात, नदीत टाकू नका, तो गुन्हा आहे. अचानक मेले आणि नाका-तोंडातून काळसर रक्त आले असेल तर फाशी रोगाचा संशय धरा. ते अजिबात फाडू नका, कातडे काढू नका. डॉक्टरला बोलवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरा. फाशीचे जंतू मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात.

सहावी, दूध. जनावराला अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. फॅट मोजणाऱ्या यंत्राला ते कळणार नाही, म्हणून तर ही जबाबदारी तुमची.

आणि एक शब्द अधिकारी मंडळींसाठी. २०२२ मध्ये लम्पीने मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत राज्याने दिली. ही मदत वेळेवर पोहोचली तर पुढच्या साथीत लोक आपणहून खबर देतील. पंचनाम्याला हेलपाटे घालावे लागले तर आजारी जनावर रातोरात दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात जाईल. मग नाक्यावर कितीही शिपाई उभे करा.

पुढच्या वेळी बाजार बंद झाला तर राग जरूर करा. पण त्या संध्याकाळी एकदा गोठ्यात जाऊन प्रत्येक जनावराचे तोंड, खूर आणि अंग चाचपून पाहा. काही वेगळे दिसले तर सकाळची वाट न बघता कळवा.